गोठ्याशिवायचा नाताळ

त्या मराठी आहेत हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या आपल्या मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा दारावरचं पोर्तुगीज आडनाव वाचून मी त्यांना गोव्याच्या धरलं होतं. लिफ्टमध्ये भेटल्या की मी "गुड मॉर्निंग, आंटी" म्हणायचे आणि त्या हसून मान हलवायच्या. एकदा लिफ्टमध्येच मी पुण्याला बहिणीशी बोलत होते आणि फोन मध्येच तुटला. मी चडफडले, "मेला इथे कधी धड लागतच नाही."

"माझाही लागत नाही हो बाय," शेजारून आवाज आला.

मी वळून बघितलं, तर त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्यांनाही वर्षभर मी कोण हे कळलं नव्हतं.

त्या वसईच्या. चर्चच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलेलं. घरामागे केळीची बाग, विहीर. नवरा गेल्यावर एकटं कसं ठेवायचं म्हणून मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. मुलगा जहाज कंपनीच्या एजन्सीत, सून दिल्लीची, नातू नऊ-दहा वर्षांचा. घरात बोलणं इंग्रजीत आणि हिंदीत. मुलगा आईशी मराठी बोलायचा, पण तो घरी असायचाच कमी. त्यामुळे दुपारी मी कामावरून आले की मावशी आमच्याकडे चहाला येऊ लागल्या. मावशी मी म्हणू लागले, त्यांनी मला पहिल्या दिवशीच बाय म्हटलं होतं.

थोड्या दिवसांनी त्यांनी जरा संकोचत विचारलं, "शुक्रवारी तुला वेळ असतो का ग?"

त्यांना चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला जायचं होतं. मुलगा आठवडाभर दमलेला असायचा, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचा. "त्याला उठवायला नको वाटतं," त्या म्हणाल्या. "उठवलं तर येईल तो. पण तोंड पाडून देवाकडे जाण्यात काय अर्थ आहे?"

मी त्यांना नेऊ लागले. मी हिंदू घरातली, पण पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये दहावीपर्यंत शिकलेली. त्या नन्सनी मला टाचण कसं काढायचं ते शिकवलं, खोटं बोललं की पोटात कसं दुखतं ते शिकवलं, आणि जेवणाच्या डब्यातला अर्धा दुसऱ्याला द्यायचा म्हणजे मनापासून द्यायचा, चेहऱ्यावर दिसता कामा नये, हेही शिकवलं. कॉलेजात गेल्यावर देव माझ्या आयुष्यातून गेला. भांडण वगैरे काही झालं नाही, एखादी मैत्रीण दुसऱ्या गावी जाते तसा गेला. घरी दीड दिवसाचा गणपती बसतो तो नवऱ्याला आवडतं म्हणून.

शारजात चर्च एका ओळीत आहेत, एकमेकांना लागून. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही. आत मात्र गर्दीने श्वास कोंडतो. केरळचे, फिलिपिनो, मंगळूरचे, लेबनॉनचे, सगळे आपापल्या भाषेच्या वेळेला येतात. मावशींना इंग्रजी मिस्सा रुचायची नाही, पण तीच सोयीची होती. त्या ओठातल्या ओठात सगळं मराठीतून म्हणायच्या. मी मागच्या बाकावर बसून राहायचे. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे माझ्या अंगाला शाळेपासून पाठ होतं. विश्वास नसताना गुडघे मात्र बरोबर वेळेला वाकत होते, याची मला गंमत वाटायची.

मी नेऊ लागले तेव्हा सुट्टी शुक्रवारची होती. पुढे कंपन्यांची सुट्टी बदलली, शनिवार-रविवार झाली. मावशींनी मुलाला विचारलं, "असं का केलं रे?"

"सगळ्या जगाशी जुळवून घ्यायला, आई. मार्केट्स रविवारी बंद असतात ना."

"आणि जगाला रविवार कुणी दिला?"

तो हसला. "ते आता कुणाला आठवतंय?"

हे मला त्यांनीच गाडीत सांगितलं. सांगताना त्याही हसत होत्या. मग थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सरकारने रविवार परत दिला बघ. पण घेणाऱ्यानेच सोडून दिलाय."

मुलगा वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. तो इमारतीच्या वॉचमनला वाढदिवसाला घड्याळ देणारा, ऑफिसच्या ड्रायव्हरला आपल्या टेबलावर जेवायला बसवणारा माणूस. डिसेंबरमध्ये नातवाच्या शाळेत कामगारांसाठी खोकी भरायचे. साबण, टूथपेस्ट, टॉवेल, वर रंगीत कागद. बापलेक दोघं ती खोकी घेऊन अल क्वोजच्या कामगार वस्तीत स्वतः जायचे. घरी झाड लागायचं, दिवे लागायचे, केक यायचा, दारावर चांदणी. सुट्टी बदलली त्या वर्षी मावशींनी येशूच्या जन्माचा गोठा केला. खोक्याचा पुठ्ठा आणि खाली बागेत पडलेल्या खजुराच्या झावळ्या घेऊन त्या आठवडाभर आमच्या डायनिंग टेबलावर बसून तो जोडत होत्या. वसईहून आणलेल्या मातीच्या मूर्ती कापडात गुंडाळलेल्या होत्या. जोसेफचा एक हात तुटला होता, तो मी चिकटवून दिला.

नाताळच्या पार्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे केक घेऊन गेले, तेव्हा गोठा झाडाखाली नव्हता. मावशींच्या खोलीत कपाटावर होता.

"आई, प्लीज समजून घे," मुलगा सांगत होता. "सगळ्या धर्मांचे लोक येणार आहेत. झाड असलं की कुणाला ऑड वाटत नाही. हे जरा जास्त रिलिजस होतं."

"मग झाड कशाला आहे?"

"सेलिब्रेशन आहे ते. मुलांसाठी. देण्याघेण्याचा सीझन. तूच आम्हाला शिकवलंस ना, गरिबांना द्या, कुणाचं वाईट करू नका? मी ते सगळं करतो. खोटं बोलत नाही, कुणाला कमी लेखत नाही. मग अजून काय पाहिजे तुला?"

"हे सगळं तुला कुठून आलं, एवढंच विचारते."

"कॉमन सेन्स आहे आई ते. कुठल्याही चांगल्या माणसाला कळतं."

पार्टीत मावशी चांगली साडी नेसून बसल्या, सगळ्यांना केक वाढला. पाहुणे छान होते. झाडाभोवती फोटो काढले, एकमेकांना भेटवस्तू दिल्या, एकाने सगळ्यांसाठी जगात शांती असो म्हणून ग्लास उंचावला. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. त्या खोलीत एकट्या मावशी सोडल्या तर कुणालाही येशूच्या जन्माशी काही देणंघेणं नव्हतं, आणि तरी प्रत्येक जण त्याच्याच गोष्टीतलं एकेक वाक्य बोलत होता.

त्यानंतर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. मी हमरिया फ्री झोनमध्ये एका पॅकेजिंग कंपनीत एचआरमध्ये आहे. आमच्याकडे बाहेरून एक ट्रेनर आला होता. लीडर म्हणजे सेवक, असं त्याने पडद्यावर दाखवलं. सर्वात शेवटच्या माणसापासून सुरुवात करा. चुकणाऱ्याला दुसरी संधी द्या. प्रत्येक माणसाचं मोल सारखं आहे, तो काय काम करतो यावर ते ठरत नाही. मी चहाच्या वेळी त्याला विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, रीसर्चमधून. मला आमची मॉरल सायन्सची नन आठवली. तिने हीच वाक्यं आम्हाला घोकायला लावली होती, पण ती ज्याचं नाव घेऊन सांगायची त्याच्यापुढे तिला स्वतःला उभं राहायचं होतं. या माणसाला कुणापुढे उभं राहायचं होतं?

काही महिन्यांनी ऑर्डर घटल्या आणि एक अख्खी लाइन बंद झाली. कामावरून काढायच्या माणसांशी बोलायला मला बसवलं. हातात दिलेल्या मजकुरात सन्मान हा शब्द होता, काळजी हा शब्द होता. समोरचा बिहारचा ऑपरेटर सगळं नीट ऐकून घेत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "तो खलास, मॅडम?" मी हो म्हटलं. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि पुढच्याला आत पाठवलं.

त्या संध्याकाळी मी मावशींना हे सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "शब्द उरलेत ग. शब्द बरे असतात. पण शब्दाला कुणी घाबरत नाही."

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांचं खाणं कमी झालं. आधी पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग तपासण्या, मग पोटाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. मुलाने आपल्या परीने काही कमी केलं नाही. मोठे डॉक्टर, दुसरं मत, तिसरं मत, घरी नर्स. तो आईशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हता एवढंच. तिच्याकडे न बघता तो ऑक्सिजनच्या मशिनशी, औषधांच्या डब्याशी, एसीच्या रिमोटशी काहीतरी करत राहायचा.

मावशींनी त्याला फादरना बोलावायला सांगितलं. आजाऱ्याला तेल लावायचा त्यांचा संस्कार असतो, तो त्यांना शुद्धीत असताना हवा होता. त्याने बघू म्हटलं. आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "इन्शाल्ला, आई." देवाने ठरवलं तर, असं इथे राहिलेले सगळेच म्हणतात, त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

"ताई, फादर आले की शेवट आलाय हे तिला कळेल," तो म्हणाला.

"त्यांना कळलंय."

"मग मला कळायचंय अजून," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

फादरच्या ऐवजी त्याने एका बाईंची व्यवस्था केली. शेवटच्या आजारात माणसांशी बोलणाऱ्या कौन्सेलर होत्या त्या, लॅपटॉपवर बोलायच्या. सुनेने पलंगाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी एक मेणबत्ती, बॅटरीवरची, कारण ऑक्सिजन चालू होता. मावशींनी आग्रह केला म्हणून मी खोलीतच बसले. त्या बाई खरंच मायाळू होत्या. मुंबईच्याच, हिंदीत बोलत होत्या. काही राहून गेलंय का, विचारलं. कुणाची माफी मागायची आहे का? कुणाला माफ करायचं आहे का? मनावर काही ओझं असेल तर ते बोलून टाका, इथून बाहेर काही जाणार नाही. मावशींनी सगळ्याची प्रामाणिक उत्तरं दिली. एका विद्यार्थिनीला विनाकारण नापास केलं होतं, नणंदेशी दहा वर्षं अबोला धरला होता. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "अब आप अपने आप को माफ कर दीजिए."

लॅपटॉप बंद झाल्यावर मावशी म्हणाल्या, "चांगली होती ग बाई. सगळं फादरसारखंच विचारलं." मग माझ्याकडे वळल्या. "पण मीच मला कशी माफ करू? ते करता आलं असतं तर इतकी वर्षं चर्चला कशाला गेले असते?"

मी दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये फोन केला. हजारो माणसांना मूठभर फादर, त्यामुळे दिवस लगेच मिळाला नाही. मुलाला सांगूनच मी बोलावलं. तो कामासाठी खोर फक्कानला निघाला होता, फोनवर म्हणाला, "मी नसताना करा. मला बघवणार नाही."

फादर दुपारी आले. तरुण होते, केरळचे, दमलेले. इथून त्यांना आणखी एका हॉस्पिटलात जायचं होतं. मावशींनी मराठीत म्हणता येईल का विचारलं. त्यांना मराठी येत नव्हतं, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. सून आणि मी बाहेर गेलो आणि त्यांनी मावशींच्या पापांची कबुली ऐकली. मग आम्हाला आत बोलावलं, इंग्रजीत प्रार्थना म्हटली, कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं. सून हात जोडून उभी होती. मावशींनी डोळे मिटले होते. मला माझंच आश्चर्य वाटलं. मी कशाची तरी वाट बघत होते. मला वाटत होतं, आता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल आणि ते मला नुसतं बघायला मिळालं तरी पुरे.

मावशींनी डोळे उघडले, फादरना थँक्यू म्हणाल्या आणि सुनेला सांगितलं, "चहा दे ग त्यांना. उन्हातून आलेत."

दुसऱ्या दिवशी नर्स जेवायला गेली तेव्हा आम्ही दोघीच होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाय, काही झालं नाही ग."

"म्हणजे?"

"तेल लावलं. गार लागलं. मी वाट बघत होते." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "हे गेले तेव्हासुद्धा असं नव्हतं. पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायचं. प्रार्थना करताना दिवाणखान्यात माणूस बसलेलं असावं तसं. आता तिकडे कुणी नाही. किती दिवस झाले. मला वाटलं, तेल लावल्यावर येईल."

मी म्हटलं, मावशी, औषधांनी होतं असं, मॉर्फीनने डोकं जड होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, हे मला कळलं. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "पोराला सांगू नको. त्याला वाईट वाटेल. नाहीतर बरं वाटेल. दोन्ही नको."

त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत. जपमाळ उशीजवळ असायची. मी एकदा ती त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती हळूच पांघरुणावर ठेवली. नर्सला मात्र रोज विचारायच्या, जेवलीस का? नातू खेळून आला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. चांगुलपणा शेवटपर्यंत तसाच चालू होता, सवयीने. एका सकाळी सुनेने दार वाजवलं आणि मी तिच्याकडे बघूनच समजले.

त्यांना वसईला नवऱ्याशेजारी जायचं होतं. मुलगा कागदपत्रं करून त्यांना घेऊन गेला, तिथे पुरून आला. परत आल्यावर त्याने इथल्या ओळखीच्यांसाठी इमारतीचा हॉल घेतला. शोकसभा नको म्हणाला, त्यांच्या आयुष्याचा आनंद साजरा करू. सगळे काळे कपडे घालून आले, कुणी सांगितलं नसताना. पांढरी फुलं होती. पडद्यावर फोटो आले, वसईची विहीर, शाळेच्या वर्गातल्या मावशी. एकेकाने उठून चार शब्द सांगितले. एक मिनिट सगळे माना खाली घालून उभे राहिले. त्या मिनिटात कुणाला काय म्हणायचं हे माहीत नव्हतं, म्हणून सगळे गप्प होते. मुलगा म्हणाला, माझ्या आईने मला दयाळू व्हायला शिकवलं. त्याचा आवाज तुटला आणि लोकांनी हलक्या टाळ्या वाजवल्या.

मी मराठीत बोलले. त्याच्याशिवाय कुणाला कळलं नाही.

सगळे गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. शर्टाचं वरचं बटण उघडलेलं, चेहरा आठ दिवसांत उतरलेला.

"ताई, एक विचारू? त्या दिवशी तेल लावल्यावर तिला शांत वाटलं ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. मनगटावर मावशींची पकड होती तशी जाणवत होती.

"हो," मी म्हटलं.

त्याने मोठा श्वास सोडला. दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "बरं झालं," तो म्हणाला. "मी नाही मानत काही, तुम्हाला माहीत आहे. पण ती मानते म्हटल्यावर बरं वाटायचं. घरात कुणीतरी ते बघतंय असं वाटायचं."

मला त्याला सांगता आलं असतं की मलाही तसंच वाटायचं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई सगळ्यांच्या वतीने ते सांभाळते आहे, म्हणून मी खुशाल मागच्या बाकावर बसू शकत होते. आणि त्यांच्यासाठीही पलीकडे शेवटी कुणी नव्हतं.

"तुम्ही मानता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग फादरना का बोलावलंत?"

मी खरंच विचार केला. दारात वॉचमन उभा होता. हॉल सातपर्यंतच होता, पुढे कुणाचा तरी वाढदिवस होता आणि फुगे घेऊन माणसं बाहेर खोळंबली होती.

"यल्ला, चला," तो स्वतःशीच म्हणाला आणि उठला. आम्ही दोघांनी खुर्च्या मिटायला घेतल्या.